कोकणातील लहान व्यवसाय आणि प्रादेशिक नेटवर्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तालुक्याच्या ठिकाणी लहान व्यावसायिकांच्या बैठका होतात, तेव्हा काजूवर प्रक्रिया करणारे, आगळ आणि आमसुले काढणारे, मसाले कांडणाऱ्या बचत गटांच्या महिला, घरगुती निवास चालवणारी कुटुंबे आणि कारागीर बहुधा हेच प्रश्न विचारतात. या बैठकांना मी बरीच वर्षे बसत आलो आहे आणि खालील उत्तरे त्याच अनुभवातून लिहिली आहेत. जिथे कायद्याचा संबंध येतो तिथे कायदा सांगितला आहे आणि जिथे माझे मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

प्रादेशिक व्यवसाय नेटवर्क म्हणजे नेमके काय?

एकाच पट्ट्यातले लहान व्यावसायिक आपली मालकी आणि आपले नाव कायम ठेवून राज्यभरातल्या ग्राहकापर्यंत पोचण्याचे काम मिळून करतात, तेव्हा त्या व्यवस्थेला प्रादेशिक नेटवर्क म्हणतात. सभासदांची एक खात्रीची यादी, प्रदर्शनातला सामायिक गाळा, एकत्र पाठवलेली पार्सले, एकमेकांकडे ग्राहक पाठवण्याची सवय आणि दर्जाविषयीचे काही लेखी नियम एवढ्यावर ते उभे राहते. व्हॉट्सॲपचा ग्रुप त्यासाठी उपयोगी पडतो, परंतु तेवढ्याने नेटवर्क होत नाही, कारण पुण्याला पाठवलेली बरणी फुटून पोचली तर ग्राहकाला उत्तर कोणी द्यायचे हे ग्रुपवर ठरलेले नसते. नेटवर्कमध्ये ते आधीच ठरलेले असावे लागते.

कोकणचा माल आधीच प्रसिद्ध आहे. मग नेटवर्क कशाला हवे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो योग्यही आहे. हापूस, काजू, कोकम, मालवणी मसाला ही नावे महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाहीत. पण माल प्रसिद्ध असणे आणि माल तयार करणारा माहीत असणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. देवगडच्या किंवा राजापूरच्या बागायतदाराने भरलेली पेटी वाशीच्या बाजारात उतरते, तिथून ती घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांच्या हातून पुढे जाते आणि नाशिकच्या ग्राहकाच्या घरी पोचते तेव्हा तिच्यावर बागायतदाराचे नाव उरलेले नसते. त्या ग्राहकाला आंबा आवडला तरी पुढच्या वर्षी तो कोणाला फोन करणार? तो पुन्हा त्याच कोपऱ्यावरच्या गाड्याकडे जातो, आणि त्या वेळी गाड्यावर कर्नाटकातून आलेला आंबा हापूस म्हणून ठेवलेला असला, तरी फसवणूक ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्या हातात नसते. नाव प्रदेशाचे होते, कष्ट बागायतदाराचे असतात आणि ओळख मात्र शेवटच्या विक्रेत्याची राहते. ही तुटलेली ओळख जोडणे हे माझ्या मते नेटवर्कचे पहिले काम आहे.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. कोकणाला एक जुने आणि भक्कम नेटवर्क पूर्वीपासून आहे, ते म्हणजे चाकरमानी. गिरणगावात नोकरीला गेलेल्या माणसांनी गावोगावची मुंबई मंडळे काढली, आणि आजही गणपतीला आणि शिमग्याला गावी आलेला माणूस परत जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी काजूगर, कुळथाचे पीठ, फणसपोळी आणि आगळाच्या बाटल्या घेऊन जातो. या वाटेने मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि काही प्रमाणात पुणे इथवर ओळख पोचते. घाटावरचा पुढचा सगळा मुलूख, म्हणजे मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ, या वाटेवर येत नाही, कारण तिथे आपली माणसे फारशी नाहीत. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि 2021 मध्ये सिंधुदुर्गातले चिपीचे विमानतळ सुरू झाले, तरीही अमरावतीच्या किराणा दुकानदाराला वेंगुर्ल्याचा काजू थेट वेंगुर्ल्याहून मागवता येतो हे ठाऊक नसते. ते त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि एकट्या कारखानदाराला ते परवडत नाही.

बचत गट, सहकारी संस्था, व्यापारी संघटना असताना आणखी एक संस्था कशासाठी?

नवी संस्था काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रीकल्चर राज्यपातळीवर व्यापाऱ्यांचे आणि उद्योजकांचे प्रश्न मांडते. जिल्हा उद्योग केंद्रे 1978 पासून काम करीत आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून आहे आणि ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचत गटांची मोठी बांधणी केली आहे. यांपैकी प्रत्येकाकडे काहीतरी आहे: कोणाकडे प्रशिक्षण, कोणाकडे कर्जाची शिफारस, कोणाकडे प्रदर्शनातली जागा.

पण गावातल्या एखाद्या उत्पादकाला यांतले नेमके काय आपल्या कामाचे आहे हे शोधण्यासाठी चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. नेटवर्कने ते शोधून ठेवावे, अर्जाची तारीख सभासदाला वेळेत कळवावी आणि अर्ज भरायला शेजारी बसावे. जिथे सहकारी संस्था किंवा महिलांचा प्रभागसंघ (गावोगावच्या बचत गटांचा संघ) जोमाने चालू आहे, तिथे त्याच्याच छत्राखाली हे काम सुरू करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नेटवर्कची कायदेशीर नोंदणी करावी लागते का?

पहिल्या हंगामात नाही. दहा-बारा जणांनी एकत्र येऊन लेखी नियम करून आणि हिशेबाची वही ठेवून काम सुरू करता येते. मात्र सामायिक पैसा जमू लागला, गाळ्याचे भाडे आणि पार्सलचे करार होऊ लागले की नोंदणी करावी. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात जण लागतात, सहकारी संस्थेसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, आणि शेतमालावर आधारित उत्पादकांना दहा जणांची उत्पादक कंपनी काढता येते. प्रसिद्धी आणि प्रशिक्षण एवढेच काम असेल तर पहिला पर्याय पुरतो. माल एकत्र विकायचा असेल तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी बरी.

सभासद होण्याआधी माझ्याकडे कोणती कागदपत्रे असावीत?

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, प्रत्येकाने करून घ्यावी. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, ती पूर्णपणे ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, आणि तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून व मध्यस्थांपासून सावध राहावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे आणि त्याचा 14 अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.

वेष्टनाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण राज्यभर जाणारा माल सर्वांत जास्त वेळा इथेच अडतो. बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे. खाद्यपदार्थ असेल तर घटकपदार्थ आणि मुदतही लिहावी लागते. गावात ओळखीवर विकताना कोऱ्या पिशवीला रबर लावून चालून जाते. कोल्हापूरचा किंवा लातूरचा दुकानदार तो माल फळीवर ठेवणार नाही, कारण तपासणी झाली तर अडचणीत तो येणार असतो.

माझे पदार्थ घाटावरच्या ग्राहकाला समजतील का?

आपोआप समजणार नाहीत, आणि हे मला एका चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणींच्या गटाचे आगळ एका ओळखीच्या माणसामार्फत विदर्भात पाठवले. बाटली सुबक होती, सीलही नीट होते आणि लेबलावर मोठ्या अक्षरांत ‘कोकम आगळ’ असे लिहिले होते. पंधरा दिवसांनी निरोप आला की सरबत इतके खारट झाले की लोकांनी ते ओतून दिले. ग्राहकांनी आगळ म्हणजे पाकातले कोकम समजून ते ग्लासात चार-चार चमचे घातले होते. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीला मीठ लावून सुटणारा रस म्हणजे आगळ, ते सोलकढीला आणि आमटीला वापरायचे असते आणि बेताने घालायचे असते, हे कोकणातल्या लहान मुलालाही माहीत असते, म्हणून ते लिहिण्याची गरज आमच्यापैकी कोणालाच वाटली नव्हती.

त्यानंतर त्या बाटलीवर तीन ओळी आल्या: हे खारे आहे, सोलकढीसाठी वाटीभर नारळाच्या दुधाला एक चमचा घ्या, गोड सरबतासाठी आमचे अमृत कोकम वेगळे मिळते. तक्रारी थांबल्या. तिरफळ, कुळीथ, सोडे, ओले काजू, आंबोशी अशा प्रत्येक वस्तूला अशी ओळख करून द्यावी लागते. हे लिखाण नेटवर्कने एकदाच नीट करून सर्व सभासदांना द्यावे. काजूच्या बाबतीतही असेच आहे. डब्ल्यू-240 किंवा डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात, म्हणजे आकडा जितका लहान तितका गर मोठा, हे पाकिटावर एका वाक्यात सांगितले तर दोन पाकिटांच्या किमतीतला फरक ग्राहकाला पटतो.

भौगोलिक मानांकन मिळाले म्हणजे माझ्या मालाला ते आपोआप लागू होते का?

होत नाही, आणि या गैरसमजामुळे बरेच उत्पादक हक्काची गोष्ट गमावून बसले आहेत. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या मालाचे नाव ठरावीक प्रदेशातल्या मालासाठीच राखून ठेवणारी नोंदणी. 1999 च्या कायद्याने तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मानांकनाची नोंदणी एखाद्या संस्थेच्या नावे होते. त्यानंतर प्रत्येक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करून आपले नाव नोंदवावे लागते. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ते नाव चढल्यावरच मानांकनाचे चिन्ह आपल्या पेटीवर किंवा बाटलीवर लावता येते. मूळ नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते.

कोकणाच्या वाट्याला अशी मानांकने बरीच आली आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे कोकम, वेंगुर्ल्याचा काजू, डहाणू-घोलवडचा चिकू, अलिबागचा पांढरा कांदा ही त्यांतली काही. हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळाले आणि त्यात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे आहेत. म्हणजे कायद्याने ‘हापूस’ हा शब्द या पट्ट्यातल्या उत्पादकाचा आहे, पण तो वापरण्याचा अधिकार सिद्ध करायला कागद लागतो. सातबारा, ओळखपत्र, अर्ज, शुल्क ही कामे एकट्याने करायला दोन बाग सांभाळणाऱ्या माणसाला मार्चमध्ये सवड नसते. नेटवर्कने पावसाळ्यात, म्हणजे बागेत कामे कमी असताना, एका दिवशी वीस जणांचे अर्ज भरून घ्यावेत. प्रसिद्धीवर खर्च होणाऱ्या कोणत्याही रुपयापेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

इंटरनेटवर माझा व्यवसाय सापडत नाही. नेटवर्क त्यात काय करू शकते?

गुहागर तालुक्यातल्या एका घरगुती निवासाची गोष्ट सांगतो. चार खोल्या, मागे पोफळीची बाग, जेवण उत्तम. गूगलच्या नकाशावर मात्र त्या घराची खूण खाडीच्या पलीकडे, दाभोळच्या बाजूला पडली होती. नाशिकहून निघालेले एक कुटुंब रात्री त्या खुणेवर जाऊन पोचले. फेरीबोट बंद झालेली, सोबत दोन लहान मुले, आणि समोर पाण्यापलीकडे दिवे दिसताहेत. त्यांना खेड-चिपळूणवरून वळसा घालून यावे लागले आणि पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. घरातल्या काकूंनी त्यांना गरम भात वाढला, पाहुण्यांनीही समजून घेतले, तरी त्यांनी लिहिलेल्या अभिप्रायात रस्ता चुकल्याचे आले आणि ते वाचून पुढच्या किती जणांनी बेत बदलला असेल हे कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या आठवड्यात आमच्यातली एक मुलगी तिथे जाऊन ओटीवर बसली. तिने खूण योग्य जागी आणली, इंग्रजीत तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले नाव एकसारखे केले, बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक काढून चालू क्रमांक घातला आणि हमरस्त्यावरून आत वळताना दिसणाऱ्या वडाच्या पाराचे छायाचित्र टाकले. हे सगळे दीड तासाचे काम होते आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल विनामूल्य आहे. फक्त ते मालकाच्या स्वतःच्या खात्यावर असावे. कोणा एजंटाच्या खात्यावर केलेले प्रोफाइल, तो एजंट निघून गेला की हातातून जाते.

नेटवर्कने स्वतःची सामायिक यादीही ठेवावी, पण ती जिवंत ठेवावी. वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि हापूसच्या हंगामाआधी, प्रत्येक सभासदाला फोन करून पत्ता, क्रमांक, दर आणि सुरू-बंद असण्याचे दिवस तपासावेत. जी यादी कोणी तपासत नाही ती नसलेली बरी, कारण लागत नसलेल्या फोनमुळे ग्राहक एका सभासदावर नव्हे, सगळ्या यादीवर अविश्वास दाखवतो.

घरगुती निवास चालवणाऱ्यांनी एकत्र येण्याचा फायदा काय?

मंडणगड तालुक्यातले वेळास याचे चांगले उदाहरण आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जाताना पाहायला राज्यभरातून लोक येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय आपल्याच घरांत केली. एखाद्या घराचे नाव बाहेरच्या माणसाला माहीत होणे कठीण असते, गावाचे नाव मात्र माहीत होऊ शकते. सिंधुदुर्ग जिल्हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तारकर्ली आणि मालवण गजबजले, पण किनाऱ्यापासून आत असलेल्या गावांत पाहुणा क्वचितच वळतो. मालवणचे घर भरले की पाहुण्याला नकार देण्याऐवजी आतल्या गावच्या सभासदाकडे पाठवायचे, त्याला पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, दाखवायची, सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांपुढे थांबवायचे, ही साखळी नेटवर्कमुळेच तयार होते.

माझा स्पर्धकही त्याच नेटवर्कमध्ये असेल तर?

असू द्यावा. साताऱ्याच्या दुकानदाराने शंभर किलो काजूगर मागितले आणि आपल्याकडे चाळीसच असले, तर उरलेले साठ कोणाकडून घ्यायचे? स्पर्धक नेटवर्कमध्ये असल्यामुळे ती मागणी कोकणात राहते.

मग सर्वांनी मिळून एकच भाव ठरवावा का?

स्वतंत्रपणे विक्री करणाऱ्या व्यावसायिकांनी आपसांत ठरवून भाव बांधणे 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध जाते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. संस्थेने सभासदांचा माल विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकला तर त्या मालाचा भाव संस्था ठरवते, ही गोष्ट वेगळी. नेटवर्कने बरण्या, खोकी आणि लेबले एकत्र मागवून खर्च कमी करावा आणि प्रत्येकाने आपला हिशेब मांडायला शिकावे. घरच्या माणसांची मजुरी, जळण आणि वाहतूक न धरता लावलेले भाव मी असंख्य वेळा पाहिले आहेत, आणि त्या भावाने धंदा वाढला तर तोटाही वाढतो.

प्रदर्शनांत भाग घेणे परवडते का?

विक्रीच्या आकड्यावर पाहिले तर पहिल्या वेळी बहुधा परवडत नाही. गाडीभाडे, राहणे, चार-सहा दिवस घरचे काम बंद, आणि थोडा माल परत आणावा लागतो. तरीही जावे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात राज्याच्या सर्व भागांतले बचत गट एकत्र येतात आणि तिथे मिळणारी माहिती दुसरीकडे मिळत नाही. आमच्या गाळ्यावर एक साधी शंभर पानी वही असते. ग्राहकाने काही घेतले वा न घेतले, त्याचे नाव, गाव, फोन आणि त्याने काय विचारले हे त्याच्या संमतीने त्या वहीत लिहायचे. एका वर्षी त्या वहीत ‘बिनसाखरेची आंबापोळी आहे का’ हा प्रश्न इतक्या वेळा आला की पुढच्या हंगामात दोन गटांनी ती करून पाहिली. परत आल्यावर आठ दिवसांत वहीतल्या प्रत्येकाला फोन गेला पाहिजे. महिन्याने केलेला फोन कोणाला आठवत नाही.

एकाच गाळ्यावर पाच जणांचा माल ठेवायचा असेल तर उभे कोणी राहायचे, मोड कोणी सांभाळायची आणि न खपलेल्या मालाचे भाडे कसे वाटायचे हे निघण्यापूर्वी लिहून ठेवावे. मी पाहिलेली बहुतेक भांडणे इथेच सुरू झाली.

ऑनलाइन विकण्यासाठी जीएसटी नोंदणी लागतेच का?

पूर्वी ई-कॉमर्स मंचावरून वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागत असे. 1 ऑक्टोबर 2023 पासून यात महत्त्वाची सवलत मिळाली. ज्याची उलाढाल मर्यादेच्या आत आहे, असा विक्रेता आपल्याच राज्यात अशा मंचावरून वस्तू विकत असेल तर त्याला पूर्ण नोंदणीऐवजी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घेऊन काम चालवता येते. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी ही मर्यादा वर्षाला 40 लाख रुपये आहे. म्हणजे सावंतवाडीहून नागपूरला विकणाऱ्या लहान उत्पादकाला ही सवलत मिळू शकते. गोव्याला, अगदी सीमेजवळच्या बांद्याच्या पलीकडे विकले तरी ते राज्याबाहेर जाते आणि नियम बदलतात. आपल्या वस्तूंना नेमके काय लागू होते हे एकदा कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे, आणि सल्लागाराची फी नेटवर्कने सामायिक करावी.

बाहेरच्या दुकानदाराने माल घेऊन पैसे दिले नाहीत तर?

मोठ्या शहरातल्या एका दुकानाने आमच्या तीन सभासदांचा माल घेतला, पहिल्या दोन खेपांचे पैसे वेळेवर दिले आणि तिसऱ्या, मोठ्या खेपेचे पैसे वर्षभर ‘पुढच्या आठवड्यात’ देत राहिले. आमच्याकडे ना लेखी मागणी होती ना पोचपावती. ती रक्कम बुडाली आणि त्यांतल्या एका बाईंनी त्या वर्षी काजूबी विकत घेण्यासाठी दागिना गहाण ठेवला, हे मला अजून सलते.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल स्वीकारल्यावर खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काही ठरलेच नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, करता येते. मात्र माल पाठवण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असावी, मागणी लेखी असावी, मग ती व्हॉट्सॲपवरची का असेना, आणि माल पोचल्याची नोंद असावी. नव्या दुकानदाराला पहिल्या खेपेला निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच करू नये. नेटवर्कमध्ये आपल्या थकलेल्या बिलाची माहिती पुराव्यासह इतरांना देण्याची पद्धत असेल, तर तोच खरेदीदार चौथ्या गावात जाऊन नवे नाव सांगू शकत नाही.

वर्गणी किती असावी?

रकमेपेक्षा हिशेब महत्त्वाचा. पैसा कशावर खर्च होतो हे दर तीन महिन्यांनी लेखी मिळते का, हे विचारावे. पहिल्याच भेटीत मोठी रक्कम मागून अमुक इतक्या ग्राहकांची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. गटांच्या, सहकारी संस्थांच्या आणि उत्पादक कंपन्यांच्या सामायिक ब्रँड व विपणनासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत निम्म्या खर्चापर्यंत साहाय्याची तरतूद ठेवलेली आहे. सध्या अर्ज घेतले जातात का हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

पावसाळ्यात आणि आपत्तीत नेटवर्क काय करते?

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, समुद्रातल्या किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि पर्यटकही कमी. हा काळ अर्ज, लेबले, प्रशिक्षण आणि याद्या यांसाठी ठेवावा.

आपत्तीचे मात्र वेगळे आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीकडच्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानातला माल गेला, आणि त्याबरोबर उधारीच्या वह्या, ग्राहकांचे पत्ते, बिले हेही गेले. ज्यांच्या ग्राहकांची यादी दुसऱ्या गावच्या सभासदाकडे किंवा ऑनलाइन साठवलेली होती, त्यांना चिखल काढून झाल्यावर निदान कोणाला फोन करायचा हे ठाऊक होते. म्हणून महिन्यातून एकदा या यादीची प्रत दुसरीकडे ठेवणे हा सभासदत्वाचा नियमच असावा.

आमच्या तालुक्यात असे काही नाही. सुरुवात कशी करावी?

दहा जण पुरेत, पण त्यांत निदान चार वेगवेगळे धंदे असावेत. पहिल्या बैठकीत पदाधिकारी निवडू नयेत. प्रत्येकाने आपली एक वस्तू आणावी, बाकीच्यांनी तिचे लेबल अनोळखी ग्राहकाच्या नजरेने वाचावे आणि जे समजले नाही ते बोलून दाखवावे. त्यानंतर सर्वांच्या वस्तूंचे एक पार्सल बांधून घाटापलीकडे, जिथे आपले कोणी नातेवाईक नाहीत अशा गावच्या एखाद्या ओळखीच्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला पाठवावे. ते उघडताना छायाचित्रे काढायला, काय गळले, काय चुरडले आणि कोणती वस्तू कशी वापरायची हे कळले नाही ते लिहून पाठवायला त्याला सांगावे. दुसरी बैठक ते उत्तर हातात आल्यावरच बोलवावी.